भाताला आजारी पाडणारी कात्री

मी एक जुनी कात्री आहे, आणि माझं उभं आयुष्य रोग पसरवण्यात गेलं. मित्रांनो, लगेच पाय वर घेऊन बसू नका. मी आजारी पाडलं ते फक्त भाताच्या रोपांना, आणि तेही चोरून नाही. पांढरे कोट घातलेली शिकलीसवरलेली माणसं मला हातात धरून दिवसाढवळ्या एकेका रोपाला आजारी पाडत. एखादं रोप आजारी पडलं नाही, तर बिचारी काळजीत पडत. अशा लोकांत मी दिवस काढले आहेत.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तुम्हाला वाटत असेल, कात्री म्हणजे एक वस्तू. पण माझी दोन पाती मुळात एकमेकांच्या ओळखीचीसुद्धा नव्हती. एक आधी भट्टीतून निघालं, दुसरं नंतर. कारागिराने दोघांना एकमेकांवर आडवं ठेवलं, मधे खिळा ठोकला आणि म्हणाला, "बसा आता भांडत." त्याचं काही चुकलं नाही. पाती एकमेकांना घासली नाहीत, तर कात्रीला साधा दोराही तुटत नाही. माझी एक बहीण शिंप्याकडे गेली, एक न्हाव्याकडे. मी दुकानाच्या काचेमागे बसून मनाशी ठरवलं होतं, आपण कापलं तर रेशीमच कापायचं.

मला घ्यायला आलेला माणूस रेशमातला दिसत नव्हता. त्याच्या हातात गवताची जुडी होती.

"जरा हे कापून बघू का?" त्याने विचारलं.

दुकानदाराने चष्मा कपाळावर नेला. "साहेब, ही कात्री आहे. विळे पुढच्या गल्लीत मिळतात."

"विळा नको हो. बायकोसाठी हवी आहे."

दुकानदार जरा पुढे वाकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी... गवत कापतात?"

"भाताची पानं. तीही नुसती टोकं. पान चेचलं जाता कामा नये, सपकन तुटलं पाहिजे. तिच्याकडची कात्री बोथट झालीय, आणि कात्रीवरचा सगळा राग घरात माझ्यावर निघतोय."

"असं सांगा ना," दुकानदार म्हणाला, आणि मला लगेच काचेबाहेर काढलं.

हे बाबा. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही म्हणते. बाबा शहराच्या पाणीपुरवठ्यात कामाला होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती घालायचं ते बघायचे. म्हणजे जंतू मारणं हा त्यांचा पेशा. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाई म्हणत, भाताच्या रोगांवर संशोधन करायच्या. म्हणजे जंतू पाळणं हा त्यांचा पेशा. दिवसभर हे मारायचे, त्या वाढवायच्या, आणि संध्याकाळी दोघं एकाच टेबलाशी बसून जेवायची. घर कसं चाललं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

बाईंच्या अंगठ्याला जुन्या कात्रीने घट्टा पडला होता. म्हणून बाबांनी माझ्या दोन्ही कड्यांवर सुती फीत गुंडाळली, एकावर एक थर, पार खिळ्याच्या जवळपर्यंत. बाई मला बघून म्हणाल्या, "अहो, कात्री आणलीत की जखमी कात्रीची मलमपट्टी करून आणलीत?" पण दुसऱ्या दिवशी कामावर त्यांनी पहिलं पान कापलं, अंगठा हलवून बघितला आणि फितीवरून हळूच बोट फिरवलं. घरी गेल्यावर मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आता माझं काम ऐका. एक काचघर होतं. आत रांगेने कुंड्या, कुंड्यांत भात. हवा इतकी दमट, की आत शिरताच माणसाचा चष्मा आंधळा व्हायचा. बाईंच्या डाव्या हातात एक उंच पेला, त्यात पिवळसर गढूळ पाणी, आणि त्या पाण्यात करपा रोगाचे जिवाणू. मला पेल्यात बुडवायचं, पानाचं टोक कापायचं, पुन्हा बुडवायचं, पुढचं पान कापायचं. कापलेल्या जागेतून जिवाणू आत शिरायचे. मग पंधरवडाभर वाट बघायची. दुबळ्या रोपाचं पान टोकापासून खाली करपत जायचं. दणकट रोपाचं पान जरासं पिवळं पडून थांबायचं. मधेच कुंडी हलवायची असली, की बाई मला त्या पेल्यातच उभी करून ठेवायच्या, पार कड्यांपर्यंत बुडेल अशी. ही सवय लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला फार महागात पडणार आहे.

करपा कुठवर उतरला हे मोजायला बाईंचा एक विद्यार्थी होता. उंच, सडपातळ, आणि कोटाच्या खिशात कायम पट्टी. त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. तोही फोन उचलून खुशाल "हां, फूटपट्टी बोलतोय" म्हणायचा.

आणि कोपऱ्यातल्या कुंडीत रडूबाई होती. रडूबाई हा भाताचा एक दुबळा वाण. करप्यापुढे ती हटकून आडवी व्हायची, आणि तेच तिचं काम होतं. ती आजारी पडली, म्हणजे जिवाणू जिवंत, कात्री ठीक, हात ठीक, असं समजायचं. नुसतं आजारी पडण्यासाठी ज्याची इतकी बडदास्त ठेवली जाते असं रोप मी दुसरं पाहिलं नाही.

शाळा सुटली की लेक काचघरात येऊन बाकावर बसायची. एकदा तिने विचारलं, "आई, भाताला डोळे नाहीत, कान नाहीत. मग जंतू आलाय हे त्याला कळतं कसं?"

"आपल्या घरी कोणी आलं की कसं कळतं?" बाईंनी पान कापता कापता विचारलं.

"बेल वाजते."

"ऐकतं कोण?"

"बाबा. सोफ्यावर घोरत असतात, तरी त्यांनाच आधी ऐकू येते."

"मग ते उठतात?"

"छे! ते तुला ढोसतात. तू मला ढोसतेस. मग मी उठून दार उघडते." लेकीच्या आवाजात जुना अन्याय होता.

"भाताचं अगदी असंच असतं. पेशीच्या भिंतीशी एक प्रथिन बसलेलं असतं, अर्धं बाहेर, अर्धं आत. बाहेरच्या अर्ध्याला जिवाणूची चाहूल लागली, की आतलं अर्धं शेजारच्या प्रथिनाला ढोसतं. म्हणजे काय करतं, तर फॉस्फेटचा एक बारीकसा तुकडा त्याला चिकटवतं. तुकडा चिकटला की ते जागं होतं. ते पुढच्याला चिकटवतं. असं करत करत बातमी आतपर्यंत जाते, आणि रोप लढायला उभं राहतं. जे असं चिकटवतं, त्याला काइनेज म्हणतात."

लेकीने थोडा विचार केला. "म्हणजे बाबा काइनेज आहेत."

"दाराशी झोपणारा काइनेज," बाई म्हणाल्या.

त्या वर्षी काचघरावर संकट आलं. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या सरांना तिथे अळंबी वाढवायची होती. ते रोज काहीतरी निमित्त काढून यायचे आणि बोलता बोलता पावलांनी जागा मोजायचे. काचघर कोणाकडे ठेवायचं हे ठरवायला पाहणीची मंडळी येणार होती. बाईंचं म्हणणं होतं, भाताच्या दाराशी झोपणारा तो काइनेज आपल्याला सापडलाय. तो काढून टाकलेली रोपं त्यांनी मुद्दाम तयार केली होती. ती करप्याने आडवी झाली आणि साधी रोपं उभी राहिली, तर बाईंचं म्हणणं खरं आणि काचघर त्यांचं. नाहीतर अळंबी.

चाचणीच्या आदल्या सुट्टीत बाईंचा कोट धुवायला घरी गेला, आणि खिशातून मीही गेले. कपडे भिजवण्याआधी खिसे तपासायची बाबांना सवय होती.

"अगं! ही इथे काय करतेय?"

"कोण ही?" बाई आतून म्हणाल्या.

"ही! रोगाची कात्री! माझ्या बनियनशेजारी!"

"अहो, तो जिवाणू भाताचा आहे. माणसाला काही करत नाही."

"आज करत नसेल."

"उद्याही करणार नाही. तुम्हाला पानं आहेत का?"

लेक खो खो हसली. बाबा हसले नाहीत. ज्या माणसाने अख्ख्या शहराच्या पाण्यात एक जंतू जिवंत सोडला नाही, त्याच्या मोरीत मी पडले होते. बाई बाहेर गेल्याची संधी साधून त्यांनी बादली काढली. क्लोरीनने मी गंजेन हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी दवाखान्यात असतं तसलं तपकिरी जंतुनाशक घेतलं, बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा चांगलं दाट कालवलं आणि मला दिवसभर त्यात बुडवून ठेवलं. संध्याकाळी पाती चकचकीत पुसली, खिळ्याला थेंबभर तेल दिलं आणि गुपचूप धुतलेल्या कोटात ठेवलं. पाती कोरडी झाली. फीत मात्र पोटभर प्यायली होती.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. चाचणीच्या दिवशी बाई कुंड्या हलवत होत्या आणि मी पेल्यात कड्यांपर्यंत उभी होते. फितीतलं औषध हळूहळू पेल्यात उतरत होतं. जिवाणू पटापट मरत होते, आणि मी मोठ्या ऐटीत रोपांना स्वच्छ, निर्जंतुक पाणी पाजत होते. कोणाला सांगणार? कात्रीला दोन पाती असतात, जीभ एकही नसते.

पंधरवडा उलटल्यावर फूटपट्टी पट्टी घेऊन बसला. साधी रोपं, ठणठणीत. काइनेज काढलेली रोपं, तीही ठणठणीत. त्याने तीच पानं पुन्हा मोजली. मग पट्टी उलटी धरून मोजली. मग खाली बसला.

नेमके तेव्हाच शेजारचे सर आले. "अरे वा, सगळी हिरवीगार! म्हणजे बाई, तुमचा पहारेकरी असला काय, नसला काय, सारखंच. नुसता पगार खात होता म्हणायचा!"

फूटपट्टीचा चेहरा उतरला, आणि मग एकदम उजळला. "पण बाई, हासुद्धा शोधच की! काइनेज नसतानाही रोप लढतं! मंडळींना हेच दाखवू या."

"दाखवा, दाखवा," सर म्हणाले. "नवा शोध म्हणून गाजवा. मी अळंबीचं बघतो."

बाई तडक कोपऱ्यात गेल्या आणि रडूबाईसमोर वाकल्या. रडूबाई कधी नव्हे ती तजेलदार, एकही पान पिवळं नाही, नुकतीच हवापालट करून आल्यासारखी.

"हिला काय झालंय?" बाई म्हणाल्या.

"काहीच नाही," फूटपट्टी म्हणाला.

"तेच विचारतेय. हिला काहीच कसं झालं नाही?"

बाईंनी मला उचललं, पाती बघितली, खिळा बघितला. मग मला नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"हा वास," त्या म्हणाल्या, "माझ्या घरचा आहे."

त्यांनी तिथूनच मंडळींना फोन लावला. "पाहणी थोडी पुढे ढकलाल का? चाचणी फसली आहे. नाही, रोपं आजारी नाहीत, तीच तर अडचण आहे. कारण? आमच्या कात्रीला घरच्यांनी औषध पाजलंय." पलीकडून उत्तर आलं: एकदा पुढे ढकलू, दुसऱ्यांदा नाही.

संध्याकाळी बाईंनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. "अहो, हिला कशात बुडवलं होतंत?"

बाबांचा चेहरा खुलला. "अजून वास आहे? बघ, केवढं चांगलं औषध आहे!"

"बाबा, गप्प बसा," लेक पुटपुटली.

बाईंनी काय झालं ते सांगितलं. बाबा ऐकत गेले आणि खुर्चीत लहान लहान होत गेले. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, तू रोज ती हाताळतेस. तुला काही व्हायला नको."

बाईंना रागवायचं होतं. तयारीही होती. पण त्या नुसत्या खुर्ची ओढून बसल्या. "काही रोपांत हा काइनेज कधी बंदच होत नाही. शत्रू असो नसो, सगळ्यांना जागं करत सुटतो."

"मग चांगलंच की. रोग नाही होणार."

"रोग होत नाही, पण रोप एवढंसं राहतं. दाणा धरत नाही. सगळी ताकद पहाऱ्यात जाते. म्हणून रोपात दुसरंही एक प्रथिन असतं. ते चिकटवलेला तुकडा काढून घेतं, म्हणजे 'झालं, झोपा आता' म्हणतं. तुमच्यात तेच घालायचं राहिलंय."

"माझ्यात कशाला?" बाबा म्हणाले. "ते तू आहेस ना."

हे खरं होतं. बाबा रोज झोपायच्या आधी गॅस बघायचे, नळ बघायचे, कडी बघायचे, आणि पुन्हा गॅसकडे वळले की बाई आतून म्हणायच्या, "झालं, झोपा आता." मग ते झोपायचे.

बाईंनी माझी सगळी फीत सोडून टाकली आणि मला उकळत्या पाण्यातून काढलं. मागून पेरलेल्या रोपांची एक रांग तयार होती. रजा टाकून बाबाही काचघरात आले आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले, संग्रहालयात उभं राहावं तसे.

"उभे काय राहिलात? धरा ही कात्री," बाई म्हणाल्या.

"मी?"

"तुम्हीच. कुठल्या कुंडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. उद्या कोणी म्हणायला नको, की बाईंनी आपल्याला हवं तसं कापलं."

बाबांनी मला धरलं. ज्या हाताने आयुष्यभर जंतू मारले, त्या हाताने मला जिवंत जिवाणूंच्या पेल्यात बुडवायचं होतं. त्यांनी पहिलं पान कापलं आणि त्या रोपाला हळूच म्हणाले, "माफ कर हं." मग दुसऱ्याला म्हणाले. मग तिसऱ्याला. रांगेतल्या एकेका रोपाची त्यांनी माफी मागितली. रडूबाईपाशी तर इतका वेळ थांबले, की फूटपट्टीला म्हणावं लागलं, "काका, तिला सवय आहे." फीत नव्हती, म्हणून शेवटी त्यांच्या अंगठ्याला फोड आला. तो त्यांनी कोणाला दाखवला नाही. मी पाहिला.

मंडळी आली त्या दिवशी काचघरात बाई होत्या, फूटपट्टी होता, शेजारचे सर होते आणि दाराशी बाबा. फूटपट्टीने मोजायला घेतलं. साधी रोपं उभी. काइनेज काढलेली रोपं टोकापासून खालपर्यंत करपलेली. रडूबाई नेहमीप्रमाणे आडवी, कर्तव्य बजावून मोकळी. फूटपट्टीने उडीच मारली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, जरा हळू.

"आजारी पडली बिचारी, आणि तुम्ही टाळ्या काय वाजवताय!" बाबा दारातून म्हणाले.

सगळे वळून बघू लागले. बाईंनी डोक्याला हात लावला, पण त्या हसत होत्या. काचघर राहिलं. अळंबी जिन्याखालच्या खोलीत गेली, आणि तिथे ती म्हणे जास्त खूश होती.

त्यानंतरही मी पुष्कळ पानं कापली. मग बाई निवृत्त झाल्या. निरोपाला त्यांना फुलांचा गुच्छ मिळाला आणि मी मिळाले. गुच्छ संध्याकाळीच मलूल झाला. मी स्वयंपाकघराच्या खणात गेले, सेलच्या पुड्या, मेणबत्त्या आणि कशाच्या तरी किल्ल्या यांच्या शेजारी. काचघरात आता नवी कात्री आहे, लाल प्लॅस्टिकच्या कड्यांची. असो. मी औषधांच्या पट्ट्या कापायला लागले, आणि नाही म्हटलं तरी ते थोडं लागलंच मनाला.

फक्त बाबा मला विसरले नाहीत. बाईंच्या निवृत्तीनंतर लगेचच त्यांनी मला नवी फीत गुंडाळली. गुंडाळण्याआधी ती तपकिरी जंतुनाशकात चांगली भिजवली.

"आता कशाला?" बाई म्हणाल्या.

"आता तरी भिजवू दे. आता भाताचा काय संबंध?"

मग बरेच दिवस गेले. औषधांच्या पट्ट्या जास्त येऊ लागल्या. मग एकदम यायच्या थांबल्या. मोरीतली तपकिरी बाटली तळाशी आली, आणि नवी कोणी आणली नाही.

परवा दुपारी लेक आली होती. आता तिच्याही केसांत एखादी रुपेरी बट दिसते. दोघी टेबलाशी बसल्या होत्या, मधे चहा. दाराची बेल वाजली. दोघी बसून राहिल्या. बेल पुन्हा वाजली. दोघींनी रिकाम्या सोफ्याकडे बघितलं. मग बाईंनी कोपराने लेकीला ढोसलं. "ऊठ. बघ कोण आहे."

लेक उठली. कोणीतरी चुकीच्या दारावर आलं होतं. परत येताना तिने खण उघडला, मला बाहेर काढलं आणि म्हणाली, "आई, हिची फीत किती मळलीय. काढून टाकू?"

तिने टोक सोडवलं. एक वेढा निघाला, दुसरा निघाला. आतला थर अजून तपकिरी होता. लेक थांबली. तिने मला नाकाशी नेलं आणि आईच्या हातात दिलं.

बाईंनी मला हुंगलं. डोळे मिटून, त्या दिवशी काचघरात हुंगलं होतं तसंच. मग सुटलेले वेढे त्यांनी एकेक करून परत गुंडाळले, टोक आत खोचलं, आणि माझ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "झालं. झोपा आता."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. कात्रीच्या खिळ्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, ओली ठेवू नका, आणि भाताच्या कामाची कात्री असेल तर तिला कृपा करून औषध पाजू नका. जुनी फीत खुशाल बदला. पण टाकून देण्याआधी एकदा हुंगून बघा.